७ शिट्ट्या

माझ्या कुकरच्या झाकणावर काळ्या मार्करने ‘७ शिट्ट्या’ असं लिहिलेलं आहे. दुरुस्तीच्या दुकानात वस्तू टाकली की तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायची पद्धत असते. शेजारच्या फळीवर ‘जोशी मिक्सर’ होता, ‘शिंदे इस्त्री’ होती. माझं आडनाव कोणी विचारलंच नाही. काउंटरमागच्या काकांनी झाकण उचललं, एकवार माझ्याकडे पाहिलं आणि हे लिहिलं. घरी आल्यापासून रोज घासतोय. झाकणाची चकाकी गेली, अक्षरं जशीच्या तशी आहेत.

मागची गोष्ट थोडक्यात. रक्ताचा रिपोर्ट आला, डॉक्टर म्हणाले, “बाहेरचं बंद, घरचं साधं खा.” घरात घरचं साधं करणारं माझ्याशिवाय कोणी नाही. म्हणून वरण-भात. डाळ शिजायला किती वेळ लागतो, असं ज्याला त्याला विचारलं. एकानेही मिनिटांत उत्तर दिलं नाही. सगळे शिट्ट्यांत बोलले. कोणी तीन म्हणालं, कोणी चार. एक मित्र म्हणाला, “सात-आठ होऊ दे, कच्ची राहण्यापेक्षा बरं.” मी कुकरच्या तळाशी अर्धी वाटी पाणी घातलं, डबे ठेवले, गॅस मोठा केला आणि मोजत बसलो. सात झाल्या. आठवी येईना. मी वाट बघत राहिलो, कारण सात-आठ म्हणजे आठ होऊ दिलेली बरी. आठवीच्या जागी झाकणातून जो आवाज आला, त्याला शिट्टी म्हणता येणार नाही.

तर दुकान. काकांनी झाकण उजेडात धरलं, मग भांडं उलटं करून बुडावरून हात फिरवला, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

“सेफ्टी वॉल्व्ह वितळलाय. बूडही जरासं फुगलंय. पाणी होतं का आत?”

“होतं.”

“किती?”

इथे ‘अंदाजे’ म्हणालो असतो तर सुटलो असतो. मी खरं बोललो. “अर्धी वाटी.”

काका गप्प बसले. बोलल्या त्या शेजारच्या काकू. मिक्सरचं भांडं पिशवीतून काढून त्या माझ्या आधीपासून उभ्या होत्या. नंबर त्यांचा असताना “तुमचं होऊ द्या आधी, मला काही घाई नाही” असं म्हणाल्या, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

“काय लावलं होतं हो?”

“वरण.”

“वरणच ना? मग शिट्ट्या किती केल्यात?”

“सात.”

काकू वळल्या. दुकानात इस्त्रीची वायर बदलायला आलेला एक कॉलेजचा मुलगा होता, शेगडीचा बर्नर घेऊन आलेलं एक जोडपं होतं आणि रिकामे ग्लास गोळा करणारा चहावाला होता. त्या सगळ्यांवरून नजर फिरवत काकू म्हणाल्या, “सात!”

चहावाला हसला. त्याने आयुष्यात कुकर लावला असेल असं मला वाटत नाही. पण हसला.

“अरे, सातात राजमा होतो!” काकू म्हणाल्या. ‘सात’ म्हणेपर्यंत मी ‘अहो’ होतो. सातनंतर ‘अरे’ झालो, तो शेवटपर्यंत.

मी मोबाइल काढला. म्हटलं, अपमान झालाच आहे तर निदान कृती तरी लिहून घेऊ. “मग किती करायच्या?”

“ते काय मोजायचं असतं? कळतं.”

“कशावरून?”

“वासावरून.”

“कसला वास?”

“वरणाचा.”

“पाणी किती?”

“बेताचं.”

“मीठ?”

“चवीपुरतं.”

“पण चव शिजल्यावर कळणार. मग आधी...”

“हात बसतो रे.”

“कधी?”

“लग्न झाल्यावर,” काकू म्हणाल्या. जोडप्यातला नवरा मोठ्याने हसला. बायको हसली नाही. ती बर्नरवरची काजळी नखाने खरवडत होती.

मग काकूंना माझी दया आली. “भातावर एक पेर पाणी ठेवायचं, बस्स,” असं म्हणून त्यांनी तर्जनी उभी धरून पहिलं पेर दाखवलं. “कोणाचं पेर?” मी विचारलं. त्यावर “कोणाचं म्हणजे? आपलं!” असं उत्तर मिळालं. “आणि डाळ हट्टी असली तर चिमूटभर सोडा टाकायचा. रिंग फ्रीजमध्ये ठेवतोस की नाही?” मी रिंग कुठेच ठेवत नाही, ती झाकणातच असते, हे कळल्यावर त्यांनी काकांकडे असं पाहिलं, की काकांनी न विचारता बिलात रिंगही धरली. एकूण ३२० रुपये.

हसून झालं असेल तर आता जरा तक्रार. शिट्टी हे वेळेचं माप नाही. आत वाफेचा दाब झाकणावरच्या वजनाला पेलवेनासा झाला की वजन उचललं जातं आणि जास्तीची वाफ बाहेर पडते, एवढाच शिट्टीचा अर्थ. आपल्या घरगुती कुकरमध्ये हा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो असतो. त्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते. पहिल्या शिट्टीच्या सुमाराला हे तापमान आलेलं असतं. पुढच्या शिट्ट्यांनी ते वाढत नाही, फक्त पाणी आणि गॅस वाया जातो. गॅस मोठा असेल तर चार शिट्ट्या तीन-चार मिनिटांत उरकतात, डाळ कच्ची. बारीक असेल तर दहा मिनिटांत एकही होत नाही, आणि डाळ लोण्यासारखी. तरी आपण म्हणतो, “चार शिट्ट्या कर.” उद्या कोणी पुण्याहून नाशिक किती लांब विचारलं, तर “चौदा हॉर्न” म्हणून सांगायचं का?

आणि प्रत्येक शिट्टीबरोबर तळाचं पाणी कमी होत जातं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते संपलं की कोरडं भांडं तापत जातं आणि शेवटी झाकणातला वॉल्व्ह वितळतो. तो वितळतो म्हणून कुकर फुटत नाही. त्याचं कामच ते. म्हणून त्या भोकात दुसरं काही ठोकून बसवायचं नाही, त्याच कंपनीचा, त्याच मापाचा वॉल्व्ह घालायचा. हे काकांनी सांगितलं, आणि त्या दुकानात मला मिळालेलं हे एकमेव स्पष्ट वाक्य.

पेराचंही मी घरी येऊन गणित मांडलं. पेर अडीच सेंटिमीटर धरू. १० सेंटिमीटर व्यासाच्या डब्यात तांदळावर एक पेर पाणी म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर. तेवढेच तांदूळ २० सेंटिमीटरच्या पातेल्यात घातले तर एक पेर म्हणजे जवळजवळ ८०० मिलिलिटर. भात नव्हे, पेज. काकूंचं पेर काकूंच्या डब्यात बरोबर येतं, कारण तो डबा गेली पस्तीस वर्षं तोच आहे. त्या पेर मोजत नाहीत, डबा मोजतात. फक्त त्यांना ते माहीत नाही आणि मला ते सांगणार कोण?

राग याचा येतो. अंदाज म्हणजे चाळीस वर्षं रोज दोनदा केलेलं मोजमाप. ते ज्यांच्या हातात आहे त्यांनी ते कधी आकड्यात उतरवलं नाही, कारण विचारलंच नाही कोणी. मुलींना विचारायची सोय नव्हती, ओरडा खात शिकायचं. मुलांना विचारायची गरज नव्हती. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मी क्रेपच्या कागदाची फुलं केली. चाळीस मार्कांची. त्या फुलांचं पुढे काय झालं ते सोडा, पण एका तासात वरण-भात सांगून झाला असता.

तर घ्या, आकड्यांत. एका माणसाचा, पाच लिटरच्या कुकरमधला. वाटी २०० मिलिलिटरची. तुमची वेगळी असेल, चालेल, सगळं एकाच वाटीने मोजलं की झालं.

तूरडाळ अर्धी वाटी, तीनदा धुऊन, अर्धा तास भिजवून. ते पाणी ओतून द्यायचं आणि डब्यात दीड वाटी नवं घालायचं. त्यात पाव लहान चमचा हळद, चिमूटभर हिंग आणि चार थेंब तेल. तेल चवीला नाही, डाळीचा फेस आवरायला. तो फेस वर चढून वाफेच्या भोकात बसतो. तांदूळ अर्धी वाटी. जुना कोलम असेल तर दुप्पट पाणी, नवा तांदूळ असेल तर दीडपट पुरतं, नाहीतर गिचका होतो. डाळीचा डबा खाली, भाताचा वर, त्यावर ताटली. आणि तळाशी पाणी दोन वाट्या. दोन. हा आकडा मी भिंतीवर लिहून ठेवलाय.

झाकण लावण्याआधी वाफेच्या भोकातून उजेडाकडे बघायचं. उजेड दिसला पाहिजे. नाही दिसला तर आत मागच्या वेळची डाळ आहे. मग मोठा गॅस, वाफ सरळ सुटू लागली की वजन ठेवायचं, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा आणि घड्याळ लावायचं. दहा मिनिटं. मध्ये शिट्टी होवो न होवो, तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही. गॅस बंद केल्यावर वाफ आपली आपण जिरू द्यायची, आणखी दहा-पंधरा मिनिटं. भूक लागली म्हणून चमच्याने वजन उचललं तर वरण डब्यात राहत नाही, ओट्यावर येतं. काही वेळा छतावरही.

तरी डाळ टणक राहिली, तर दोष बहुधा वेळेचा नसतो. डाळ जुनी असेल, किंवा बोअरचं जड पाणी असेल. त्यातल्या क्षारांमुळे डाळ मऊ पडत नाही. टोमॅटो, चिंच, आमसूल आधी घातलं तरी तेच होतं, आंबटात डाळ अडून बसते. म्हणून आंबट नेहमी शिजल्यावर. आणि सोडा नको. डाळ गळते खरी, पण ब-१ जीवनसत्त्वही जातं. काकू वाचत असतील तर त्यांच्यासाठी.

फोडणीला दोन लहान चमचे तेल. आधी मोहरीचा एकच दाणा टाकून बघायचा. तडतडला तर अर्धा चमचा मोहरी, ती शांत होत आली की जिरं, हिंग, कढीपत्ता. कढीपत्ता आधी पुसून घ्यायचा, नाहीतर हातावर शिंतोडे. न तडतडलेली मोहरी दाताखाली कडू लागते, आणि हळद तापल्या तेलात पाच सेकंदही जास्त राहिली की तपकिरी होऊन कडू होते. म्हणून मी हळद फोडणीत घालतच नाही, ती डाळीत गेलेली आहे. मीठ सगळ्यात शेवटी, सपाट अर्धा चमचा, घोटून झाल्यावर. कमी वाटलं तर वाढवता येतं. जास्त पडलं तर बटाटा टाका म्हणतात. बटाटा खारट होतो, वरणही खारटच राहतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० कॅलरींच्या दिवसाला डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असं ताट मांडलंय, आणि मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. अर्धी वाटी तूरडाळ तोलून पाहिली तर ८० ते ८५ भरते. म्हणजे डाळीचा दिवसाचा हिशोब त्या एका डब्यात संपतो. ४०० ग्रॅम भाजी हा आकडा वाचून मात्र मी खुर्चीत बसलो. मेथीची जुडी निवडली, की देठं आणि माती मिळून निम्मी जुडी केराच्या डब्यात जाते. उरलेली कढईत ढीगभर दिसते आणि पाच मिनिटांत मूठभर होते. त्या मूठभर भाजीला ढीगभराचं मीठ घातलेलं असतं, हेही एकदा झालंय. पालेभाजी आधी बसू द्यायची, मग मीठ. व्हिडिओत हे कोणी सांगत नाही, तिथे “चवीनुसार” म्हणताना चमचा कॅमेऱ्याच्या बाहेर असतो.

काल वरण नीट झालं. पहिली शिट्टी, दहा मिनिटं, वाफ जिरेपर्यंत हात मागे बांधून उभा. मग भांडी घासायला घेतली. नवी घासणी होती, जरा जोर लावला. ‘ट्ट्या’ गेलं. ‘७ शि’ अजून आहे.