सादळलेला चहा

आषाढ लागला की पापड, काडेपेटी आणि चहा यांचा कणा एकदमच मोडतो. पापड तळता येतो, काडेपेटी शेगडीजवळ ठेवता येते. चहाची पत्ती मात्र भाजावी लागते, आणि ते काम माझ्याच गळ्यात पडतं.

आधी खात्री करायची. एक पान चिमटीत दुमडा. कट्कन मोडलं तर डबा लावा आणि गप्प बसा. वाकलं, तर सादळलं. कारखान्यातून निघताना पत्तीत पाणी जेमतेम ३ टक्के असतं. ६-७च्या पुढे गेलं की कुबट वास सुरू. बुरशी दिसली तर सरळ टाकून द्या. भाजून ती पवित्र होत नाही.

रोजचा तवा घेऊ नका. काल त्यावर बोंबील झाले असतील तर आज चहाही बोंबलाचाच. जाड बुडाची कढई मंद आचेवर जरा तापवा, गॅस बंद करा, मग १०० ग्रॅम पत्ती घालून लाकडी उलथन्याने पाच मिनिटं हलवा. ओव्हन असल्यास ८० अंशांवर पातळ थर, १५-२० मिनिटं. आधी आणि नंतर वजन करा : १००चे ९६ झाले की थांबा. घरभर दरवळ सुटला की पाहुणे 'वा!' म्हणतात, मला दिसतं, तेवढा वास कपातून वजा झाला. ग्रीन टी विसरून तपकिरी झाला, तर मात्र 'होजिचा केला' म्हणायचं. जपानात तो मुद्दाम भाजतात.

खरी पंचाईत पुढेच. गरम पत्ती भरली तर झाकणाला आतून घाम, उघडी ठेवली तर हवा पुन्हा पाणी पाजते. म्हणून कोऱ्या कागदावर दहाच मिनिटं पसरा आणि हाताला गार लागताच छोट्या डब्यांत काठोकाठ भरा. रिकामी जागा म्हणजे दमट हवेचं बिऱ्हाड. सोबत सिलिका जेलची पुडी. फ्रिज नको, डबा बाहेर काढून उघडला की थंड पत्तीवर दव धरतं.

एवढं सगळं झाल्यावर सकाळी घरातलं कुणीतरी आधण खळखळत असताना डबा पातेल्यावरच उघडतं, वाफेत धरतं, आणि नुकता विसळलेला चमचा आत घालतं. साखरही त्याच चमच्याने.