'मावशी, पिक्चर कधी सुरू होणार?'

(ज्यांनी 'सायको' अजून पाहिला नाही त्यांनी इथेच थांबा. आधी तो बघा, मग या.)

परवा भाच्याला हिचकॉकचा 'सायको' दाखवायला बसवलं. वय सतरा, हॉररचं वेड. अर्धा तास होत आला तरी पडद्यावर एक बाई मालकाच्या अशिलाचे 40,000 डॉलर घेऊन गाडी हाकतेय, काळा गॉगल लावलेला पोलीस तिच्यावर नजर ठेवून आहे, ती घाईघाईने गाडी बदलतेय. पोरगं चुळबुळायला लागलं. "मावशी, हा हॉरर आहे ना? मग हे पैशांचं काय लावलंय? पिक्चर कधी सुरू होणार?"

मी म्हटलं, गप बघ. पण प्रश्न डोक्यातून जाईना.

कारण दिग्दर्शक हिचकॉकला 1960 साली नेमकं उलटं हवं होतं. प्रेक्षकाने पैशांचीच काळजी करावी. ही पकडली जाणार का, परत करेल का, यातच त्याने अडकून राहावं. उशिरा येणाऱ्यांना थिएटरात सोडायचं नाही, असा नियमच त्याने तेव्हा करायला लावला होता. आमच्या पोराला मात्र अ‍ॅपने आधीच चिठ्ठी दिली होती, 'हॉरर'. त्यामुळे तो पहिल्या मिनिटापासून सुऱ्याची वाट बघत बसलेला. पैशांचा ताण त्याला जाणवलाच नाही, नुसता उशीर होतोय असं वाटलं.

तेव्हापासून मी हे असं बघायला लागलेय: जॉनर, म्हणजे सिनेमाचा प्रकार, ठरतो तो सिनेमात भूत आहे की बंदूक यावरून नाही, तर सिनेमा आपल्याला कशाची वाट बघायला लावतो यावरून. रस हा शेवटी प्रेक्षकाच्या मनात निर्माण होतो, हे कॉलेजात परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ते आत्ता कुठे पटतंय.

आणि या चिठ्ठ्या कोण चिकटवतं? बऱ्याचदा बनवणारे नव्हेच. काळोख्या, निराश सुराच्या गुन्हेपटांसाठीचा 'फिल्म न्वार' हा शब्द 1946 साली नीनो फ्रँक नावाच्या फ्रेंच समीक्षकाने वापरला. युद्धाच्या काळात फ्रान्सपर्यंत न पोचलेले अमेरिकन सिनेमे नंतर एकदम आले, त्यात बिली वाइल्डरचा 'डबल इन्डेम्निटी'ही होता. ते बनवणाऱ्यांच्या लेखी ते गुन्हेगारीचे सिनेमे होते, नाहीतर मेलोड्रामा. आपण न्वार करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. उलट पुरस्कारवाल्यांची गंमत बघा. मंगळावर एकटा पडलेला माणूस बटाटे पिकवून जीव जगवतो, तो 'द मार्शियन' गोल्डन ग्लोबमध्ये 'म्युझिकल किंवा कॉमेडी' या गटात जिंकला. पुढे वर्णद्वेषावरच्या 'गेट आउट' या भयपटालाही त्यांनी त्याच गटात बसवलं. त्यावर त्याचा दिग्दर्शक जॉर्डन पीलने ट्विट केलं की 'गेट आउट' ही डॉक्युमेंटरी आहे. पूर्ण मार्क.

'जुने सिनेमे कसे एका साच्यातले, शुद्ध. आताचे सगळी भेळ' हे वाक्य मीही कित्येकदा फेकलंय. आता म्हणवत नाही. 'हाय नून' (1952) वेस्टर्नचा, म्हणजे काउबॉयपटाचा, नमुना म्हणून दाखवतात, पण त्यातला मार्शल गावभर दारोदार मदत मागत फिरतो आणि जवळजवळ कुणीच पुढे येत नाही. हे दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स आणि नट जॉन वेन यांना इतकं झोंबलं की त्यांनी उत्तर म्हणून 'रिओ ब्राव्हो' (1959) काढला. म्हणजे साचा काय असावा यावर भांडण तेव्हाच चालू होतं.

त्याच प्रकारातला 1992 चा 'अनफर्गिव्हन' घ्या. वेस्टर्नमध्ये गोळी लागली की माणूस पडतो, विषय संपला. इथे पोटात गोळी लागलेला एक कोवळा पोरगा दगडांच्या आड पडून पाणी मागत राहतो. मागतच राहतो. शेवटी ज्याने गोळी घातली तो नायक क्लिंट ईस्टवुडच ओरडतो, अरे त्याला पाणी द्या, आम्ही नाही झाडत गोळ्या. आजवर वेस्टर्नमध्ये पटापट पडलेली सगळी माणसं त्या मिनिटात आठवतात. वेस्टर्न एकही न पाहिलेल्याला हा प्रसंग नुसता लांबलेला वाटेल.

'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' हा थरारपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा तर मी चक्क मागे नेऊन पाहिला. इतका वेळ ज्याच्या मागे धावत होतो तो माणूस मेलेलाच दिसतो, मारामारी पडद्यावर नाहीच! वाटलं, माझी डुलकी लागली असणार. चिडले होते. आज तो निर्णय मला त्या सिनेमातला सगळ्यात धाडसी वाटतो.

माझा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. हल्ली 'जॉनर-बेंडिंग', म्हणजे जॉनरचा साचा वाकवणारं, म्हणून जे मिरवलं जातं, त्यातलं बरंचसं काही वाकवतच नाही. दहा मिनिटं विनोद, दहा मिनिटं भीती, मग एक हुंदका. कशाचीच वाट बघायला लावलेली नसते, मग मोडायचं काय? उलट 'पॅरासाइट' बघा. अर्धा सिनेमा ठगांची झकास कॉमेडी. मग पावसाळी रात्री बेल वाजते, दारावरच्या कॅमेऱ्यात काढून टाकलेल्या मोलकरणीचा भिजलेला, हसरा चेहरा. थोड्या वेळाने ती तळघरात भिंत आणि कपाट यांच्यामध्ये आडवी, अधांतरी होऊन ते कपाट ढकलत असते. तो क्षण हसायचा की घाबरायचा हे अजूनही मला ठरवता येत नाही. पण आधीच्या तासाभरात आपल्याला फक्त 'हे पकडले जातील का' एवढ्याचीच सवय लावलीय, म्हणून ते लागतं.

बरं, भाच्याचं काय झालं? न्हाणीघरातल्या खुनाचा प्रसंग त्याने शांतपणे पाहिला, सगळं माहीतच होतं. पण नंतर मोटेलवाला नॉर्मन तिची गाडी दलदलीत ढकलतो, वर्तमानपत्रात गुंडाळलेले पैसे नकळत तिच्यातच. गाडी बुडायला लागते आणि मध्येच थांबते. नॉर्मन इकडेतिकडे बघतो. माझ्या शेजारून आवाज आला, "अरे, बुड ना लवकर!"