तेराव्या प्रकरणातला नायक

‘दुनियादारी’ 2013 मध्ये पडद्यावर आला तेव्हा सुशिंचे (मूळ कादंबरीकार सुहास शिरवळकरांचे) वाचक हिशेब मांडत बसले: पुस्तकातलं हे कुठं गेलं, ते का बदललं? तोच हिशेब लावला तर दिग्दर्शक मिखाईल लॉकशिनचा रशियन सिनेमा ‘मास्टर आणि मार्गारिटा’ (2024) सपशेल नापास.

रशियन लेखक मिखाईल बुल्गाकोवच्या ज्या कादंबरीवर तो बेतलाय, तिच्यात 32 प्रकरणं आणि उपसंहार. नायक असलेला लेखक, मास्टर, उगवतो तेराव्यात, त्याची प्रेयसी मार्गारिटा एकोणिसाव्यात. येशूला शिक्षा देणारा रोमन सुभेदार पिलात, त्याची चार प्रकरणं (2, 16, 25, 26) मधेमधे पेरलेली. वाचताना हे खपतं. पण अडीच तासांच्या सिनेमात नायक तासाभरानं आला तर तो पाहुणाच वाटणार. म्हणून पटकथेत मास्टर सुरुवातीपासून आहे. त्याचं पिलातवरचं नाटक बंद पाडलं जातं, आणि सैतान वोलांडचा मॉस्कोतला धुमाकूळ त्याच्याच लेखणीतून उतरू लागतो. यात वोलांडच्या बेहेमोथ बोक्यासह टोळीचा धिंगाणा आटतो, पिलातही तुकड्यांपुरता उरतो. सौदा मला मान्य आहे. व्लादिमीर बोर्तकोच्या 2005 च्या दहा भागांच्या मालिकेत संवाद जवळजवळ जसेच्या तसे आहेत; पण तिथला बोका म्हणजे सोंग चढवलेला माणूस. कागदावर बिनबोभाट चालणारी गोष्ट कॅमेऱ्यासमोर उघडी पडते.

सबटायटलवर विसंबणाऱ्यांनी कान उघडे ठेवावेत. वोलांड झालेला ऑगस्ट डील जर्मन आहे, पिलात लॅटिन बोलतो. खालची पट्टी मात्र सगळं एकाच भाषेत सपाट करते. शिवाय आधी निदान पहिली तेरा प्रकरणं वाचावीत. नाहीतर कथेची चौकट उलटी केली आहे हेच लक्षात येत नाही.

रशियात भांडण पुस्तकावरून कमी, दिग्दर्शकावरून जास्त झालं. चित्रीकरण 2021 मध्ये उरकलं, फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, अमेरिकी वितरक युनिव्हर्सल बाहेर पडला. लॉकशिननं युद्धाला उघड विरोध केला होता आणि सिनेमात सरकारी पैसा होता. जानेवारी 2024 मध्ये सिनेमा लागताच युद्धसमर्थक भाष्यकार लॉकशिनवर खटला भरा म्हणून ओरडू लागले. पडद्यावर मास्टरविरुद्ध जी मोहीम चालते, तीच बाहेर सुरू झाली. तरी गल्ला दोन अब्ज रुबलच्या वर गेला.

परदेशात बसून याला ‘सत्तेला चपराक’ म्हणणं स्वस्त आहे. लॉकशिनही तेव्हा अमेरिकेत होता. मॉस्कोत तिकीट काढून हा सिनेमा पाहणाऱ्याला मात्र दिवे लागल्यावर त्याच शहरात बाहेर पडायचं होतं.