लाल बटणाला झाकण हवेच
आपत्कालीन लाल बटण दाबताच सर्व्हर रूमची (सर्व्हर म्हणजे सतत चालणारे मोठे संगणक ठेवलेल्या खोलीची) वीज तुटते, असे या बटणाविषयी मी वाचलेल्या एका लेखात म्हटले आहे. पण ते बटण केवळ बाहेरून येणाऱ्या पुरवठ्याला जोडलेले असेल, तर यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीतून पुरवठा चालू ठेवणारे यंत्र) लगेच बॅटरीवर जातो आणि रॅकमधला (सर्व्हर बसवलेल्या मांडणीतला) प्रवाह चालूच राहतो, म्हणून त्याच बटणाने यूपीएसकडून पुढे जाणारी वीजही तुटली पाहिजे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा वीज पूर्णपणे तोडण्यात अग्निशमन दलाचा बराच वेळ गेला होता. दुसरी गोष्ट मी पोटतिडकीने सांगतो: दार उघडण्याच्या बटणाला अगदी खेटून बसवलेले, झाकण नसलेले लाल बटण मी स्वतः पाहिले आहे, आणि दोन्ही हातांत सर्व्हर धरून बाहेर पडणाऱ्याचे कोपर त्यावर सहज पडू शकते.