थ्री-इन-वन स्कूटर घेताना आधी स्कूटर बघा, सीट नंतर

सोलापुरात हल्ली दीड-दोन वर्षांच्या लेकराच्या वाढदिवसाला थ्री-इन-वन स्कूटर देतात. आधी सीट आणि मागून ढकलायचा दांडा, मग लेकरू बसून पायाने रेटतं तशी गाडी, आणि शेवटी उभं राहून चालवायची स्कूटर. कल्पना चांगलीच आहे. पण खोक्यावर थ्री-इन-वन, फोर-इन-वन, फाइव्ह-इन-वन असा आकडा छापलेला असतो आणि घेणारे तो आकडा बघूनच पैसे मोजतात, हे मला अजिबात पटत नाही.

साधा हिशेब करा. सीट वापरली जाते साधारण पहिल्या वाढदिवसापासून सव्वादोन-अडीच वर्षांपर्यंत. उभं राहून चालवणं दोन-अडीचला सुरू होतं आणि गाडी चांगली असेल तर पाच-सहा वर्षांपर्यंत चालतं. म्हणजे ज्या सीटकडे बघून आपण पैसे देतो ती वर्ष-दीड वर्षाची पाहुणी. पुढची तीन-चार वर्षं काढायची असतात ती उभं राहायची फळी, चाकं आणि हँडलवर, आणि नेमकं तेच कोणी तपासत नाही. म्हणून नवी पेठेत घ्या, गड्ड्याच्या जत्रेत घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, सीट आणि मागचा दांडा काढून उरलेली गाडी आधी बघा.

पहिली बघायची ती चाकांची मांडणी. पुढे दोन, मागे एक, हीच घ्या. लहान मूल बहुतेक वेळा पुढे किंवा पुढच्या कोपऱ्याकडे कलंडतं आणि आधार तिथेच लागतो. पुढे एक आणि मागे दोन चाकं एकमेकांपासून लांब असलेली गाडी दुकानात भक्कम दिसते, पण वळताना पुढच्या बाजूला पडते. शिवाय रेटणाऱ्या पायाची टाच मागच्या चाकाला सारखी आपटते. टाच दोन-चारदा लागली की मूल गाडीला हात लावत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘ह्याला आवडच नाही’.

दुसरं म्हणजे वळायची पद्धत. काही गाड्यांचं हँडल सायकलसारखं फिरतं. काहींचं फिरत नाही, मूल ज्या बाजूला हँडल झुकवतं त्या बाजूला पुढची चाकं वळतात. स्वित्झर्लंडच्या मायक्रो कंपनीच्या गाड्यांमुळे ही दुसरी रचना जगभर माहीत झाली, आता आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांतही ती मिळते. पाच वर्षांखालच्या मुलाला झुकून वळणारीच घ्या. फिरणारं हँडल एखाद्या खड्ड्यात झटकन आडवं होतं आणि मूल त्याच्यावरून पुढे फेकलं जातं. झुकणाऱ्या हँडलला तसं आडवं होताच येत नाही.

पण इथे एक खोच आहे. झुकवल्यावर गाडी परत सरळ करायला पुढच्या भागात स्प्रिंग किंवा रबर असतं. ते कडक असेल तर दहा-अकरा किलोच्या लेकराला गाडी झुकवताच येत नाही, ती फक्त सरळ धावते आणि भिंत आली की थांबते. आपण हाताने दाबून बघितलं की सहज झुकते, कारण आपल्या हातात जोर असतो. म्हणून लेकराला दुकानात न्या, फळीवर उभं करा, कमरेला धरा आणि त्यालाच डावीकडे-उजवीकडे कलू द्या. चाकं वळताना दिसली पाहिजेत. काही गाड्यांत वळणं बंद करून गाडी सरळ ठेवायची कळ असते, पहिल्या काही दिवसांत ती कामाला येते. आणि सीटवर बसवून दांड्याने ढकलताना अशी गाडी नीट वळत नाही म्हणून परत करायला जाऊ नका. बसलेल्या मुलाचं वजन खाली आणि मध्यावर असतं, त्यामुळे चाकं झुकत नाहीत. वळणावर दांडा थोडा खाली दाबून पुढची चाकं जराशी उचला आणि वळवा.

आता टेप काढा. फळीचा वरचा भाग जमिनीपासून ५ ते ७ सेंटिमीटरवर असावा. प्रत्येक रेट्याला उभ्या पायाचा गुडघा तेवढा वाकवावा लागतो, त्यामुळे १० सेंटिमीटर उंचीच्या फळीवर तीन वर्षांचं मूल लवकर दमतं. हँडल बेंबी आणि छातीच्या मध्ये यावं, कोपर थोडे वाकलेले. साधारण ८५ सेंटिमीटर उंचीच्या दोन वर्षांच्या मुलाला ते ५० ते ५५ सेंटिमीटरवर लागतं, पाच वर्षांच्याला ६५ ते ७० वर. बऱ्याच गाड्यांचं हँडल साठच्या खाली उतरतच नाही. मग हात फार वर जातात, मूल हँडलला लोंबकळतं आणि तोल जातो. किमान उंची खोक्यावर लिहिलेली नसेल तर मोजूनच घ्या.

गाडीचं वजन मुलाच्या वजनाच्या पाव हिश्शाच्या आत असलेलं बरं. बारा किलोच्या मुलाला तीन किलोची गाडी ही वरची मर्यादा समजा. गाडी किती भार पेलते तेही वाचा. २० किलो लिहिलं असेल तर ती पाच-सहाव्या वर्षीच निकालात निघेल. निदान ३० किलोची, ५० किलोची मिळाली तर अजून चांगली.

चाकांचा विषय आपल्या गावात जरा जास्तच महत्त्वाचा आहे. जुन्या वाड्यांचं अंगण, जिन्याखालचा बोळ, देवळाचं आवार, जिथे बघाल तिथे शहाबादी फरशी, आणि तिच्या सांध्यांतलं सिमेंट निघालेलं. जुळे सोलापूर, विजापूर रोडच्या नव्या अपार्टमेंटमध्ये खाली पेव्हर ब्लॉक. दोन्हीकडे लहान चाक सांध्यात अडकतं आणि मूल पुढे जातं. पुढची चाकं ११० ते १२० मिलिमीटर व्यासाची घ्या. मागचं ८० असलं तरी चालतं, कारण पुढची चाकं सांधा ओलांडून गेली की मागचं ओढलं जातं. चाकाचा बाहेरचा थर पॉलियुरेथेनचा, म्हणजे दुकानदार ज्याला पीयू म्हणतात त्याचा, असावा. अंगठ्याचं नख दाबून बघा. पीयू किंचित दबतं आणि खूण भरून येते. कडक प्लास्टिकवर नख घसरतं, ते चाक फरशीवर खडखडतं आणि पाण्याने ओल्या कोटा फरशीवर तर सरळ घसरतं.

चमकणाऱ्या चाकांना बॅटरी लागत नाही, आत चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं, चाक फिरलं की दिवा लागतो. वाईट काही नाही, संध्याकाळी गाडी दिसते तरी. पण ते चुंबक आसपास पडलेला लोखंडाचा कीस ओढून घेतं. वर्कशॉप किंवा वेल्डिंगच्या दुकानाजवळ राहत असाल तर साधी चाकं घ्या.

जी गाडी दोन-तीन रूपं बदलते ती जोडाच्या जागी ढिली होते, हे पक्कं लक्षात ठेवा. पुढची चाकं आपल्या दोन पावलांमध्ये दाबून धरा आणि हँडल पुढे-मागे हलवा. नव्या गाडीतच कट्-कट् आवाज येत असेल तर सहा महिन्यांनी ती खिळखिळी होणार. चार वर्षांखालच्या मुलाला घडी होणारी गाडी घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं. बिजागरी म्हणजे ढिली व्हायची आणि बोट चिमटायची आणखी एक जागा. त्यापेक्षा कळ दाबून हँडलचा दांडा फळीतून पूर्ण निघतो ती रचना चांगली, ॲक्टिवाच्या पुढच्या जागेतही मावते. उंचीसाठी भोकात बसणारं बटण असलेला दांडा घ्या. नुसत्या आवळपट्टीवरचा (क्लॅम्पवरचा) दांडा मूल लोंबकळलं की सरकतो.

बोट अडकण्याची तपासणी घरच्या पेन्सिलीने होते. खेळण्यांच्या सुरक्षेच्या नियमात हलणाऱ्या भागांमधली फट ५ मिलिमीटरपेक्षा कमी तरी असावी किंवा १२ पेक्षा जास्त तरी, असं तत्त्व आहे. कारण मधल्या फटीत लहान बोट आत जातं आणि अडकतं. साधी पेन्सिल ७ मिलिमीटरच्या आसपास जाड असते. चाक आणि ब्रेकच्या पत्र्यामध्ये, सीटच्या जोडात, घडीच्या जागी पेन्सिल जाते पण आपली करंगळी जात नाही, अशी फट सापडली तर ती गाडी तिथेच ठेवा.

आयएसआय मार्क बघायला विसरू नका. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो भारतात सक्तीचा आहे. चिन्हाच्या वर ‘आयएस ९८७३’ आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कंपनीचं नाव दिसतं. खोक्यावरचं नाव वेगळं निघालं तर काय समजायचं ते समजा.

एवढं जमलं की मग सीट. तिची उंची ठरवायला लेकराला अनवाणी भिंतीला टेकवून उभं करा, मांड्यांमध्ये वही वर सरकवून धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. सीट त्यापेक्षा २-३ सेंटिमीटर खाली हवी, म्हणजे दोन्ही तळवे पूर्ण टेकतात. आपण मागून ढकलत असू तेव्हा पाय ठेवायचे आधार लावलेले असलेच पाहिजेत. नाहीतर पाय जमिनीला लागून फळीखाली ओढला जातो, आणि लहान पायाचं हाड अशाच पिळाने मोडतं. मूल स्वतः रेटायला लागलं की तेच आधार काढा. ढकलायच्या दांड्याला भाजीची पिशवी अडकवू नका, मूल उतरलं की गाडी उताणी पडते. सीट काढल्यावर फळीत उरणारी भोकं बंद करायला बूच दिलेलं आहे का बघा. काढलेले स्क्रू आणि सीट एका पिशवीत घालून वर नाव लिहून ठेवा, धाकट्याला लागतील.

आता धूळ आणि ऊन. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ बेअरिंगमध्ये शिरते आणि ओल लागली की चिकटून बसते. पूर्व भागात यंत्रमागाच्या गल्ल्यांत सुताचे तुकडे चाकाच्या आसावर गुंडाळले जातात. दोन-तीन महिन्यांतून एकदा चाकं काढून साफ करा. बहुतेक गाड्यांना ५ मिलिमीटरची ॲलन की लागते. बोल्ट काढा, सूत-केस चिमट्याने ओढा, कोरड्या ब्रशने झाडा. चमकणाऱ्या चाकातली चुंबकाची नळी होती तशीच परत बसवा, नाहीतर दिवे लागणार नाहीत. बोल्ट घट्ट करून चाक फिरवून बघा, अडखळलं तर पाव फेरा सोडा. खोबरेल तेल अजिबात घालू नका, धूळ धरून त्याचा चिकटा होतो. पाइपने धुऊही नका. बेअरिंग करकर करायला लागलं तर बदला. बहुतेक गाड्यांना ‘६०८’ नंबरचंच लागतं, आतून ८, बाहेरून २२ आणि रुंदीला ७ मिलिमीटर, चाकाला दोन. बेअरिंगच्या दुकानात ‘६०८ टू-आर-एस’ मागा, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं. ते किंचित हळू फिरतं, पण धूळ आत घेत नाही, आणि तीन वर्षांच्या मुलाला किंचित हळूच बरं. बेअरिंगवरचे एबीईसी-७, एबीईसी-९ असले आकडे अचूकतेचे असतात, टिकाऊपणाचे नाहीत. त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना गाडी गच्चीवर टाकून ठेवली तर प्लास्टिक ठिसूळ होतं आणि हँडलचं रबर चिकट होतं. फळी वाकते तिथे पांढऱ्या रेषा दिसायला लागल्या तर ती आतून तडकते आहे, वापर थांबवा. त्या दिवसांत खेळणं सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर.

रस्त्यावर नाही, आणि पार्किंगच्या उतारावर तर नाहीच. मागचा पायाने दाबायचा ब्रेक साधारण चार वर्षांपर्यंत मुलांना जमत नाही, ती पाय जमिनीला घासून थांबतात. उतारावर त्याने गाडी थांबत नाही. पायात बंद बूट, चप्पल नको. हेल्मेट सायकलचं, डोक्याचा घेर टेपने मोजून. दोन-तीन वर्षांना तो साधारण ४८ ते ५० सेंटिमीटर असतो. कपाळावर भुवयांच्या दोन बोटं वर यावं, पट्ट्यांचा ‘व्ही’ कानाखाली जुळावा, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढीच जागा. घसरगुंडी-झोपाळ्यावर जायच्या आधी ते काढा, पट्टा अडकून गळ्याला फास बसू शकतो.

चालवायला लागल्यावर मूल एकाच पायाने रेटतं आणि दुसऱ्यावर उभं राहतं. पाय बदलायची सवय सुरुवातीपासून लावा. अंगणात एका टोकाला जाताना उजवा, येताना डावा. दुसऱ्या बाजूने पहिले काही दिवस गाडी वाकडी जाते, तेवढ्यापुरतं हँडल मधोमध धरून बाजूने चाला.