‘रॉकेट बंगळुरूवाल्यांना करू द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याच्या उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचा सारांश असा: अमेरिकेत अवकाशातलं संशोधन खासगी कंपन्या स्वतःच्या खिशातून करतात, आपलं सरकार मात्र विमानं आणि उपग्रहांच्या नावाखाली छोट्या कंपन्यांना कोट्यवधींची खिरापत वाटतं. या कंपन्यांनी आजवर काही करून दाखवलेलं नाही. हाच पैसा शेतकऱ्याला दिला असता तर सत्कारणी लागला असता. आणि शेवटी: खान्देशानं पाइप, चटया आणि डाळ करावी, रॉकेट बंगळुरूवाल्यांना करू द्यावीत.

पुढे पाठवणारी माणसं आपलीच आहेत, त्यांच्या हेतूवर मला शंका नाही. पण ते शेवटचं वाक्य आपल्या एमआयडीसीतली नुकती डिप्लोमा झालेली पोरंही वाचतात आणि खरं मानतात. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

‘अमेरिकेत सरकार पैसे देत नाही.’

हे साफ चूक आहे. छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी सरकारी पैसा देण्याचा कायदाच अमेरिकेत आहे, आणि त्यावर २२ जुलै १९८२ रोजी सही केली ती रोनाल्ड रेगन यांनी. ‘सरकारने उद्योगात लुडबुड करू नये’ असं आयुष्यभर सांगणारा हा राष्ट्राध्यक्ष. ज्या सरकारी खात्याचं बाहेरून करून घ्यायच्या संशोधनाचं बजेट १० कोटी डॉलरच्या वर आहे, त्याने त्यातला ठरावीक वाटा ५०० पर्यंत माणसं असलेल्या कंपन्यांसाठी राखून ठेवायचा, असा तो नियम. सुरुवातीला हा वाटा ०.२ टक्के होता, पुढे वाढत वाढत ३.२ टक्क्यांवर गेला. नासालाही तो लागू झाला. वर सरकार कंपनीत हिस्सा मागत नाही.

मेसेजमध्ये स्पेसएक्सचं उदाहरण दिलंय. अवकाश स्थानकावर सामान पोचवण्यासाठी नासाने त्याच कंपनीला डिसेंबर २००८ मध्ये १६० कोटी डॉलरचं कंत्राट दिलं होतं. खासगी खिसा होताच, पण त्याच्या शेजारी सरकारी खिसाही होता.

‘ही खिरापत आहे.’

अमेरिकेत हा पैसा टप्प्याने मिळतो. पहिल्या टप्प्यात थोडी रक्कम आणि साधारण सहा महिने. तेवढ्यात कल्पना चालण्यासारखी आहे हे दाखवायचं. ते जमलं तरच दुसऱ्या टप्प्यासाठी अर्ज करता येतो, तिथे नमुना बनवायचा. तिसऱ्या टप्प्यात या योजनेचा पैसा नसतोच, गिऱ्हाईक शोधावं लागतं.

आपल्याकडे संरक्षण खात्याची ‘आयडेक्स’ योजना एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात दीड कोटींपर्यंत मदत मिळते, २०२२ पासून ‘प्राइम’ गटात ती १० कोटींपर्यंत गेली. पण पैसे हप्त्याने येतात, ठरलेला टप्पा पूर्ण झाल्यावर, आणि खर्चात कंपनीला आपलाही वाटा घालावा लागतो. डीआरडीओच्या तंत्रज्ञान विकास निधीतही खर्चाच्या जास्तीत जास्त ९० टक्केच मिळतात. कर्ज काढून मशीन घेतलेल्या माणसाला उरलेले १० टक्के म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

गैरफायदा घेणारे असतात, हे मान्य. अमेरिकेत काही कंपन्या वर्षानुवर्षं फक्त पहिल्या टप्प्याचे पैसे घेत राहिल्या. त्यावर तिथे २०११ मध्ये अट घातली गेली: पाच वर्षांत वीसपेक्षा जास्त वेळा पहिला टप्पा घेणाऱ्या कंपनीला सरासरी चारांतलं एक काम तरी दुसऱ्या टप्प्यापर्यंत नेऊन दाखवावं लागतं. चोर सापडला तर कुलूप बदलायचं असतं, दुकान बंद करायचं नसतं.

‘छोट्या कंपनीने काय केलंय?’

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण अवकाशात फिरणाऱ्या हबल दुर्बिणीचं उदाहरण समोर आहे. हबलमध्ये १९९७ साली अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किरण टिपणारा एक कॅमेरा बसवला. तो प्रचंड थंड ठेवावा लागे, म्हणून त्याच्याभोवती गोठवलेला नायट्रोजन भरला होता. आतले दोन भाग एकमेकांना चिकटले, उष्णता आत शिरू लागली आणि काही वर्षं पुरायचा नायट्रोजन जानेवारी १९९९ पर्यंत संपून गेला. कॅमेरा धडधाकट, पण निकामी.

न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हॅनोव्हर नावाच्या छोट्या गावात क्रिअर नावाची एक कंपनी आहे. छोट्या कंपन्यांच्या याच योजनेतून पैसा घेऊन ती वर्षानुवर्षं अगदी बारीक टर्बाइनवर काम करत होती. टर्बाइन मिनिटाला लाखो फेरे घेतं, पण त्याच्या बेअरिंगमध्ये ना गोळ्या, ना तेल. ते वायूच्या पातळ थरावर तरंगत फिरतं. धातूला धातू लागत नाही, त्यामुळे झीज नाही आणि थरथर जवळजवळ नाहीच. दुर्बीण दूरच्या आकाशगंगेवर रोखलेली असताना तिच्या पोटात मशीन थरथरलं तर सगळी छायाचित्रं वाया जातील, म्हणून ही गोष्ट जीव की प्राण. मार्च २००२ मध्ये अंतराळवीरांनी या टर्बाइनवर चालणारं शीतयंत्र हबलला बसवलं. कॅमेरा पुन्हा उणे १९६ अंशांच्या आसपास थंड झाला आणि कामाला लागला.

आपल्याकडे स्कायरूट या खासगी कंपनीचं विक्रम-एस रॉकेट १८ नोव्हेंबर २०२२ ला उडालं. अग्निकुल या दुसऱ्या कंपनीचं रॉकेट ३० मे २०२४ ला उडालं, त्याचं इंजिन थ्रीडी प्रिंटरवर एकसंध छापलेलं. दोन्ही श्रीहरिकोट्याहून. तिथली जागा आणि सोयी सरकारने या कंपन्यांना खुल्या केल्या, हीसुद्धा मदतच. आणि २५ जून २०२४ ला आयडेक्सचा ३५० वा करार झाला तो छोट्या उपग्रहासाठी, पिक्सेल या कंपनीशी.

‘शेतकऱ्याला द्यायला हवे होते.’

आकडे बघू. आयडेक्ससाठी २०२१ मध्ये पाच वर्षांकरिता मंजूर झाले ४९८.८ कोटी, म्हणजे वर्षाला साधारण १०० कोटी. एकट्या पीएम-किसान योजनेची २०२४-२५ ची तरतूद ६०,००० कोटींची होती. सहाशेपट. हे १०० कोटी वाटून टाकले तर शेतकऱ्याच्या हातात काय पडेल, हा हिशोब ज्याचा त्याने करावा. रावेर-यावलचा केळीवाला मे महिन्यात वादळ कधी येणार म्हणून मोबाइलवर जे ढग बघतो, ते इन्सॅट उपग्रहांनी टिपलेले असतात, हेही लक्षात असू द्यावं.

‘खान्देशाचा काय संबंध?’

संबंध आधीपासून आहे. लष्कराच्या पिनाका यंत्रणेची रॉकेटं ज्या पॉडमधून, म्हणजे नळ्यांच्या संचातून, सुटतात ते भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत बनतात. एका लाँचरवर दोन पॉड, प्रत्येकात सहा रॉकेटं, आणि बाराच्या बारा ४४ सेकंदांत सुटतात. वरणगावची फॅक्टरी १९६४ पासून काडतुसं बनवते. त्याच साली विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएल कंपनीचा ओझरचा कारखाना उभा राहिला, मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याहून जेमतेम सकाळभराच्या अंतरावर. तिथे ऑक्टोबर २०२५ पासून तेजस या लढाऊ विमानाचीही लाइन सुरू झाली आहे.

पाइप आणि ठिबकचं काम हलकं आहे असं ज्याला वाटतं, त्याने एकदा ड्रिपर कापून बघावा. आत नागमोडी, दातेरी वाट असते, रुंदी मिलिमीटरभर. पाणी त्या दातांवर आपटत जातं म्हणूनच पहिल्या झाडालाही तासाला चार लिटर आणि शेवटच्यालाही जवळपास तेवढंच. ज्या मोल्डमधून तो निघतो त्यात शंभरएक मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाची, चूक झाली तर सबंध वावराचं पाणी बिघडतं. आपले टूलरूमवाले असे मोल्ड घडवतात, दुरुस्त करतात, मायक्रोमीटर लावून रात्री उशिरापर्यंत बसतात. या हातांना विमानाचं ब्रॅकेट किंवा ड्रोनचं नोझल परकं नाही.

अडचणी आहेत, त्या वेगळ्या. विमानाच्या कामाला एएस ९१०० हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र लागतं, बनवलेल्या प्रत्येक भागाच्या धातूचा कागद सांभाळावा लागतो. नमुना पास झाला तरी मोठी ऑर्डर यायला उशीर लागतो आणि तोवर खेळतं भांडवल अडकतं. मेसेज लिहिणाऱ्याने याबद्दल आवाज उठवला असता तर मी त्याच्या पाठीशी उभा राहिलो असतो. चाचणीचं म्हणाल, तर अहमदाबादजवळ बोपळला इन-स्पेसचं, म्हणजे खासगी अवकाश कंपन्यांना परवानगी आणि सोयी देणाऱ्या सरकारी संस्थेचं केंद्र आहे. कंपन आणि थर्मल-व्हॅक्यूम (निर्वात पोकळीत तापवून-गोठवून बघायच्या) चाचण्यांची सोय तिथे खासगी कंपन्यांसाठीच केली आहे, आणि जळगावहून सुरतमार्गे तिथवर गाडीही जाते. आपल्या उद्योजक संघटनेने तिथली वेळ आणि दर विचारून तेच ग्रुपवर टाकावेत. आयडेक्सची आव्हानं संकेतस्थळावर जाहीर होतात, तीही सोबत टाकावीत.