भाकरीने रक्त आंबट होत नाही

उन्हाळा लागला की सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: आपल्या खाण्याने रक्त आम्लधर्मी होतं, त्यातून कॅन्सर आणि शुगर होते. म्हणून ज्वारी, डाळी, शेंगदाणे कमी करा, अल्कलाइन (आम्लाच्या उलट गुणाचं) पाणी प्या आणि रोज सकाळी रिकाम्या पोटी चमचाभर खाण्याचा सोडा घ्या. खाली नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाचं नाव. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. वर्गातली मुलंच जेव्हा घरचे सोडा घेतात म्हणून सांगू लागली, तेव्हा उत्तर देणं भाग पडलं.

पहिला दावा रक्ताचा. रक्ताचा सामू, म्हणजे पीएच, ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात असतो. हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. तो ७.४ वरून ७.१ वर आला तर हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लपणा आणणारे कण, दुप्पट होतात, आणि तसंच राहिलं तर जिवावर बेतू शकतं. जेवणागणिक असं होऊ लागलं तर माणूस जगणारच नाही. शरीर हे कसं सांभाळतं ते घरी बघता येतं. लिंबू पिळलेल्या पाण्यात चिमूटभर सोडा टाका. जे फसफसतं तो कार्बन डायऑक्साइड. सोड्यातल्या बायकार्बोनेटने लिंबातलं आम्ल पकडलं आणि त्याचं पाणी नि वायू झाला. रक्तातही बायकार्बोनेट सतत हेच करतं. तिथे बुडबुडे येत नाहीत, कारण वायू विरघळलेलाच फुफ्फुसांपर्यंत जातो आणि उच्छ्वासातून बाहेर पडतो. श्वास रोखून पाहा. थोड्या वेळाने जी घुसमट होते ती मुख्यतः हा वायू साठल्यामुळे. श्वासाने जे आम्ल जात नाही ते मूत्रपिंडं लघवीतून काढतात आणि खर्च झालेलं बायकार्बोनेट पुन्हा भरून देतात.

म्हणूनच लघवीत सामू मोजायची पट्टी बुडवून ‘शरीर आम्लधर्मी आहे’ म्हणणं चूक. लघवीचा सामू ४.५ ते ८ असा कुठेही असू शकतो. आम्ल बाहेर टाकणं हे तिचं कामच.

अल्कलाइन पाणी आधी जठरात जातं. तिथला सामू साधारण १.५ ते ३.५. सामू ९ असलेल्या पाण्यातल्या हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे आम्ल मारणाऱ्या कणांच्या, हजारपट हायड्रोजन आयन सामू २ च्या जठररसात असतात. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंड स्वतःच बायकार्बोनेट सोडतं. त्या महागड्या बाटलीचे पैसे वाचवा.

मालदांडीची भाकरी आणि शेंगाचटणी सोडायला सांगणं मला सगळ्यात जास्त खटकतं. खाण्याने लघवीचा सामू बदलतो, रक्ताचा नाही. तंतुमय पदार्थ आणि प्रथिनं देणारं हे जेवण ताटातून काढून लोक त्याच्या जागी काय घेणार?

नोबेलचं नाव ओटो वॉरबुर्ग यांचं. त्यांना १९३१ चं पारितोषिक मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या विकराच्या (एन्झाइमच्या) शोधाबद्दल. कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी ग्लुकोजपासून भरपूर लॅक्टिक आम्ल बनवतात हे त्यांनी दाखवलं होतं. म्हणजे गाठीभोवती आम्ल वाढतं ते गाठीमुळे. मेसेजने कारण आणि परिणाम उलटे केले.

सोड्याचा सल्ला मात्र घातक आहे. एका चमच्यात जवळपास १,२०० मिलिग्रॅम सोडियम जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २,००० च्या आतच राहायला सांगते. बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी हे रोज घेणं म्हणजे आजार वाढवून घेणं.

रक्तातलं आम्ल खरोखर वाढतं ते आजारात: किडनी निकामी होताना, खूप जुलाबांत, इन्सुलिन कमी पडलेल्या मधुमेहात. किडनीच्या काही रुग्णांना डॉक्टर सोड्याच्याच गोळ्या देतात, पण रक्त तपासून आणि मोजून. जुलाबांत ओआरएस द्या, त्यात मीठ-ग्लुकोजसोबत आम्ल आवरणारं सायट्रेटही असतं. आणि शुगरच्या रुग्णाला उलट्या होत असतील, श्वास खोल नि जलद चालत असेल, तोंडाला फळासारखा गोडसर वास येत असेल, तर सोडा पाजत बसू नका. रिक्षा बोलवा आणि तडक दवाखाना गाठा.